झारियाच्या रेताड रानात मका पिवळा पडतोय, आणखी युरिया टाकू का?

मक्याचा_माणूस:
नमस्कार मंडळी. मी मूळचा जालन्याचा, सध्या उत्तर नायजेरियात झारियाजवळ मक्याच्या शेतावर मॅनेजर आहे. जूनच्या मध्यावर टोकण केली. पेरताना हेक्टरी ५० किलोची ६ पोती १५-१५-१५ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १५ टक्के), पाचव्या आठवड्यात ३ पोती युरिया, म्हणजे ११४ किलो नत्र झालं. युरिया ओळीने वरच फेकला. दोन दिवस कडक ऊन, तिसऱ्या रात्री धो धो पाऊस. आता खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेच्या बाजूने पिवळी पडत आत सरकतायत. मागच्या साली हेक्टरी जेमतेम २० क्विंटल निघाला. आणखी युरिया टाकू का? आत्ताचा आणि मागच्या वर्षीचा असे दोन फोटो जोडलेत.

समारूची_ताई:
दादा, तुमच्या शेजारी समारूला मी नऊ वर्षं माती तपासली. डोस कमी नाही. या पट्ट्याची शिफारसच हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ६० पालाश अशी आहे. युरिया उघडा राहिला, त्यातला काही उन्हात अमोनिया होऊन उडाला. उरलेल्याचं नायट्रेट झालं आणि पावसाने मुळांच्या खाली नेलं. जालन्याची काळी माती खत धरून ठेवते, ही रेताड माती धरत नाही. सेंद्रिय कर्ब बघा, बहुतेक अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघेल.

तुरा यायच्या आत हेक्टरी एक पोतं द्या, पण ताटापासून चार बोटं लांब, दोन इंच खोल खड्ड्यात, आणि लगेच मातीची भर लावा. तिथले शेतकरी याच वेळी वरंबे पुन्हा चढवतात, मजुरांना काम नवीन नाही. पुढच्या वर्षी युरिया दोनदा विभागून द्या.

आणि एक विचारते, मार्चमध्ये धसकटं जाळली का?

काळी_माती:
मागच्या वर्षीच्या फोटोत मक्यात जांभळी फुलं दिसतायत. टारफुला, म्हणजे पिकाच्या मुळांना चिकटून जगणारं तण, तर नाही? आमच्याकडे ज्वारीत येतो त्याची फुलं पांढरी असतात, पण अंगकाठी तीच वाटते.

समारूची_ताई:
बरोबर ओळखलंत. तिकडे त्याला वुता-वुता म्हणतात. नत्राला भुकेलेल्या रानात तो जास्त माजतो. त्या तुकड्यात पुढच्या वर्षी सोयाबीन घ्या. सोयाबीनच्या मुळांमुळे त्याचं बी उगवतं, पण चिकटायला जागा मिळत नाही आणि ते मरतं. फुलं दिसतील ती बी धरायच्या आत उपटा.

मक्याचा_माणूस:
हो ताई, जाळली. पेरायला रान मोकळं हवं होतं.

समारूची_ताई:
मग त्यातलं बहुतेक नत्र आणि बरंचसं गंधक धुरात गेलं, राखेत पालाश तेवढा उरला. समारूला १९५० पासून शेणखत, नत्र, स्फुरद, पालाश असा प्रयोग चालला. नुसतं अमोनियम सल्फेट हे नत्राचं खत घेणारे वाफे आंबट होत गेले, शेणखताचे टिकले. तिथल्या हौसा भाषेत रासायनिक खताला 'ताकिन झमानी' म्हणतात, जमान्याचं खत. पण नुसत्या 'ताकी'ला, शेणखताला, तिथे पर्याय नाही. काढणीनंतर फुलानी गुराखी येतील. आपल्याकडे धनगरांच्या मेंढ्या बसवतात तशी त्यांची गुरं रात्री रानात बसवा. धसकटं त्यांना खाऊ द्या.

मक्याचा_माणूस:
आज एक ताट उपटलं. मुळाला टारफुल्याचे पांढरट कोंब चिकटलेत, अजून मातीवर आलेले नाहीत. सोमवारी खड्डे घेऊन युरिया देतो. गुराख्यांच्या म्होरक्याशी बोलायला मुकादमाला आजच सांगितलंय.