नेपाळ सहल : काठमांडूत संचारबंदी लागली तर?

प्रश्न : कॉलेजच्या भूगोल विभागाची काठमांडू-पोखरा सहल ठरते आहे. 30 मुलं, 3 शिक्षक. टूरवाला म्हणतो, गडबड झालीच तर रातोरात बसने भारताच्या सीमेवरचं सोनौली गाठू. हे कितपत बरोबर?

उत्तर 1 : अजिबात नाही. सप्टेंबर 2025 च्या तरुणांच्या आंदोलनाचा क्रम बघा. 8 तारखेला काठमांडूत संसदेजवळ, नया बानेश्वरला, गोळीबार; 9 ला तेव्हाचे पंतप्रधान ओली यांचा राजीनामा, सिंहदरबार हे सरकारी सचिवालय पेटलं, विमानतळ बंद. 10 च्या संध्याकाळी विमानतळ परत सुरू. त्या मधल्या काळात रस्त्यावर असणं सर्वांत वाईट. सोनौलीच्या वाटेवरच्या मुग्लिन-नारायणगढ रस्त्यावर पावसाळ्यात दरडी कोसळतात, त्यात जाळलेले टायर आणि अंधार. हॉटेलातच थांबायचं. फक्त हॉटेल नीट निवडा : सरकारी कचेऱ्या आणि पक्ष कार्यालयांपासून लांब, मागून बाहेर पडायला वाट, जनरेटर. बडं नाव म्हणजे सुरक्षित असं नाही, तेव्हा हिल्टनही जळालं होतं.

उत्तर 2 : थांबायचं तर शिधा हवा. माणशी रोज 2 लिटर पिण्याचं पाणी धरलं तर 33 जणांना दोन दिवसांचे 132 लिटर, म्हणजे 20 लिटरचे 7 जार. गडबडीची कुणकुण लागताच भरून घ्या. एटीएम बंद पडतात, म्हणून माणशी 5 हजार नेपाळी रुपये रोख, आणि ते तिन्ही शिक्षकांत वाटून.

व्हॉट्सॲप गटावर विसंबू नका. 4 सप्टेंबर 2025 ला नेमकी त्याच्यावरही बंदी आली होती. प्रत्येक शिक्षकाकडे स्थानिक सिम, एकाचं नेपाळ टेलिकॉमचं, दुसऱ्याचं एनसेलचं. नावं, खोली, रक्तगट, पालकांचे नंबर कागदावर, तीन प्रती. एका शिक्षकाकडे 10 मुलं, हजेरी सकाळ-दुपार-रात्र. आणि मोर्चाचं रील काढायला कुणीही खाली उतरणार नाही, हे निघण्याआधीच पालकांसमोर सांगा. खरी भीती तिथेच आहे.

उत्तर 3 : वरच्यात एक भर. पोखऱ्यात असाल आणि रस्ता मोकळा असल्याची पोलिसांकडून खात्री झाली असेल, तर बुटवलमार्गे सोनौली हा पर्याय खुला आहे, पण पहाटे निघून, दिवसाउजेडी. आधी काठमांडूत लैंचौरला असलेल्या आपल्या दूतावासाला संख्या आणि गाडीचा नंबर कळवा.

आधारकार्डावर मुलांना नेऊ नका. 18 वर्षांवरच्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच लागतं. विमानाचं तिकीट छापून ठेवा. संचारबंदीत चौकीवर मोबाइलची बॅटरी संपली की दाखवायला काही उरत नाही.

विम्याचं म्हणाल तर 'दंगल व नागरी अशांतता' हे कलम वगळलेल्यांत आहे का ते पैसे भरण्याआधी बघा. बऱ्याच स्वस्त पॉलिसींत ते वगळलेलंच असतं. परतीची तारीख बदलता येणारी तिकिटं थोडी महाग पडली तरी घ्या.