पुस्तकातली भूक पडद्यावर येईपर्यंत कुठं जाते? (ऑनलाइन चर्चा)

मांजराकाठची

परवा धाकट्या मावसभावानं 'द हंगर गेम्स' मोबाइलवर पाहिला, हिंदी डब. संपल्यावर म्हणतो, "भारी आहे ताई, एकदम पब्जी!" मी कपाळाला हात लावला.

ज्यांनी वाचलं-पाहिलं नाही त्यांच्यासाठी: सुझान कॉलिन्सची कादंबरी २००८ची, सिनेमा २०१२चा. पॅनेम नावाच्या देशात बारा जिल्हे राजधानीच्या टाचेखाली. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून चिठ्ठी काढून १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी उचलायची. एकच जिवंत उरेपर्यंत त्या चोवीस जणांनी एकमेकांना मारायचं, आणि सगळं टीव्हीवर लाइव्ह.

माझं म्हणणं एवढंच, की या जातीच्या कादंबऱ्यांचे सिनेमे रिंगण झकास दाखवतात, रेशन दाखवत नाहीत. पुस्तकात घरात खायला नसेल तर पोरं आपल्या नावाची जादा चिठ्ठी टाकून 'टेसेरा' घेतात. एका चिठ्ठीला एका माणसाचं वर्षाचं धान्य अन् तेल, तेही तुटपुंजं. आणि त्या चिठ्ठ्या पुढच्या वर्षी कमी होत नाहीत, साठत जातात. गोष्टीची नायिका, सोळा वर्षांची कॅटनिस, तिच्या नावाच्या २०, तिचा मित्र गेल याच्या ४२.

हे वाचताना मला आजोळची दसऱ्याच्या आसपासची उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ रक्कम, आठवली. मुकादम पैसे मोजतो, नवरा-बायको मिळून एक कोयता त्याच्या वहीत चढतो, आणि सहा महिने ऊस तोडून आल्यावरसुद्धा वहीत काहीतरी बाकी फिरतंच. बीडकडच्या धारूरच्या डोंगरात कुणाला टेसेरा समजावून सांगावा लागणार नाही. सिनेमात हे एक-दोन वाक्यांत उरकलं. मग उरलं काय? धनुष्यबाण.

सिंगल स्क्रीन

काय सांगायलाव ताई! ४२चा आकडा सिनेमातबी आहे की. गेल स्वतःच्या तोंडानं सांगतो. कॅटनिस धाकट्या बहिणीला, प्रिमला बजावते, जास्तीचं धान्य घेऊ नको, त्यापायी नाव वाढवू नको. आणखी काय पाहिजे? पडद्यावर फळा टांगून गणित सोडवायचं का?

दुसरं असं, की पुस्तक म्हणजे सगळं "मी, मी". कॅटनिसला जेवढं दिसलं तेवढंच आपल्याला. सिनेमानं त्या डोक्यातून बाहेर येऊन कंट्रोल रूम दाखवली. स्वच्छ कपड्यातली माणसं टेबलावर बोटं फिरवतात आणि तिकडं जंगलात पोरीच्या अंगावर आग येते. राष्ट्राध्यक्ष स्नो गुलाब कापता कापता सांगतो, लोकांना थोडी आशा बरी, जास्त झाली की धोका. आणि खेळ चालवणाऱ्या त्या सेनेका क्रेनला शेवटी खोलीत नेऊन सोडतात, समोर विषारी बोरांचं भांडं. संवाद एक नाही. असलं पहिल्या पुस्तकात कुठं आहे? उगं पुस्तकवाल्यांनी दरवेळी सिनेमाला नापास करायचं.

गोदाकाठ

कंट्रोल रूम मान्य. पण हाणामारी आली की कॅमेरा असा गदागदा हलतो, की कोण कुणाला मारतंय तेच कळत नाही. पीजी-१३, म्हणजे लहान पोरांनाही बघता येईल असं अमेरिकी सर्टिफिकेट पाहिजे ना! पोरांनी पोरांना मारण्याची गोष्ट, आणि पोरांना बघता यावी म्हणून मरणच पुसट केलं. कॅटनिसच्याच जिल्ह्यातून उचललेला मुलगा पीटा, त्याचा पाय पुस्तकात कापावा लागतो, सिनेमात दोन्ही पायांवर धडधाकट घरी येतो.

खरा घोटाळा बघायचा तर 'द गिव्हर' बघा. लोइस लोरीची कादंबरी १९९३ची. त्यातल्या गावाला रंगच दिसत नाहीत, पण हे वाचकाला कुणी सांगत नाही. सफरचंद वर फेकताना नायक जोनासला त्यात क्षणभर काहीतरी बदललेलं वाटतं, काय ते त्यालाही कळत नाही. पुढं उलगडा झाल्यावर आपण चरकतो, की इतकी पानं आपणही बिनरंगाच्या जगात राहिलो आणि पत्ता नाही! २०१४च्या सिनेमाची सुरुवातच कृष्णधवल. चोरी व्हायच्या आधीच चोर दाखवला. वर बारा वर्षांचा जोनास सोळाचा करून ठेवला, म्हणजे प्रेमप्रकरणाची सोय.

रिपीटर २.०

लातूरला रूमवर राहून 'डायव्हर्जंट' वाचलेला मी एकटाच असेन. एक परीक्षा, मग एकदाच निवड, आणि तोच तुमचा आयुष्यभराचा गट. आमच्या मेसमध्ये याला कल्पनाविलास कुणी म्हणलं नसतं, कोणती बॅच एवढंच विचारलं असतं.

सिनेमाचं काय झालं? २०१४, २०१५, २०१६ असे तीन आले. शेवटच्या पुस्तकाचे दोन तुकडे केले, पहिला आपटला, चौथा सिनेमा निघालाच नाही. गोष्ट अर्धी सोडून सगळे घरी. 'हंगर गेम्स'नंही तिसऱ्या पुस्तकाचे दोन केले, २०१४ आणि २०१५. फक्त त्यांचा धंदा झाला म्हणून ते पचलं.

मांजराकाठची

@सिंगल स्क्रीन, बोरांचं भांडं तुमचं. पण पावाचं काय?

रिंगणात अकराव्या जिल्ह्याची चिमुकली रू मरते. कॅटनिस तिला फुलांनी सजवते. पुस्तकात त्यानंतर आकाशातून एक छोटा पाव येतो, अकराव्या जिल्ह्याकडून. स्वतः उपाशी असलेल्यांनी दुसऱ्या जिल्ह्याच्या पोरीला पाठवलेला. सिनेमात पाव गायब, त्याजागी अकराव्या जिल्ह्यात दंगल. पोती उधळतात, पोलीस, धूर.

मी २०१६ साली लातुरातच होते. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी १४४ कलम, एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. चॅनलवर दिवसभर तीच गाडी. आमच्या घरी भाऊ तापानं फणफणलेला, तेव्हा शेजारच्या काकूंनी न बोलता एक कळशी आणून उंबऱ्यात ठेवली. त्यांच्याकडं त्या दिवशी दोनच होत्या. गाडी सगळ्या देशानं पाहिली. ती कळशी केवढी मोठी होती, हे कॅमेऱ्याला कसं दिसणार?

सिंगल स्क्रीन

दिसतं ताई. आधी काकूंचा रिकामा रांजण दाखवायचा, मग कळशी. दोन शॉटचं काम. कॉलिन्सबाईंनीसुद्धा तेच केलंय, आधी शंभर पानं भूक मांडली म्हणून पाव जड झाला. दिग्दर्शकाला रांजणासाठी दोन मिनिटं सापडली नाहीत, ही त्याची चूक. सिनेमाच्या माथी कशाला मारता? आणि ती गाडी टीव्हीवर दिसली नसती तर लातूर कुणाच्या खिजगणतीत होतं, सांगा.

दंगलीचंबी सोडायलो नाही मी. रूचा बाप पहिला हात उचलतो, तो सीन बघताना आमच्या टॉकीजात शिट्ट्या मारणारी पोरं गप झाली होती.

मांजराकाठची

रांजण मान्य. दंगल नाही.

मावसभावाला पुस्तक दिलंय. काल रात्री चिठ्ठ्यांपर्यंत पोचला आणि विचारायला लागला, "ताई, धान्य तर खाऊन संपलं, मग पुढच्या वर्षी चिठ्ठ्या कमी का करत नाहीत?" म्हणलं, मामाला फोन लाव.