लहान पुस्तकाच्या दुकानाने कृष्णवर्णीय वस्तीसाठी नेमकं काय करावं?

ओसरी (धागाकर्ती)
मी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये एका छोट्या दुकानात शनिवार-रविवार पुस्तकं विकते. मालकीण गोरी आहे आणि दोन चौक पुढे कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती आहे. फेब्रुवारीत, ब्लॅक हिस्टरी मंथसाठी (कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना), दर्शनी काचेत काय मांडायचं यावर परवा बोलणं झालं. मी म्हटलं, यंदा काच सजवणं राहू द्या.

माझ्या मनात जून २०२० होता. २५ मेला मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि काही दिवसांत वंशवादावरची पुस्तकं खपाच्या यादीत वर गेली. आम्हीही खोक्यांनी मागवली. छपाई पुरी पडेना. माल ऑगस्टात आला, तोवर गिऱ्हाइकांनी मागण्या रद्द केल्या होत्या. परतीच्या खोक्यांना चिकटपट्टी मीच लावली. इकडे न खपलेली प्रत प्रकाशकाकडे परत जाते आणि लेखकाच्या रॉयल्टीतून वजा होते. ज्यांच्या नावाने काच सजवली, त्यांच्याच हिशेबातून ते पैसे गेले. ती खोकी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं: थोडी घ्या, पण बारा महिने घ्या आणि परत पाठवू नका. वस्तीतला कुणी स्वखर्चाने पुस्तक छापून आणतो, त्याला ‘विकलं गेलं की बघू’ न म्हणता पाच प्रतींचे पैसे हातावर ठेवा. आणि तुरुंग. अमेरिकेतल्या कैद्यांमध्ये जवळजवळ एक तृतीयांश कृष्णवर्णीय आहेत, लोकसंख्येत मात्र ते चौदा टक्क्यांच्या आसपास. बऱ्याच तुरुंगांत घरच्यांनी पाठवलेलं पुस्तक आत घेत नाहीत; ते प्रकाशकाकडून किंवा दुकानातूनच यावं लागतं. जे आईला करता येत नाही ते आम्हाला पाकिटावरच्या शिक्क्याने करता येतं.

रोखठोक
असहमत. माझंही पुस्तकांचं दुकान होतं, म्हणून सांगतो. छापील किमतीवर चाळीसेक टक्के सूट मिळते. त्यातून भाडं, पगार, वीज गेली की हातात काय उरतं? परतीची सोय आहे म्हणूनच लहान दुकानदार नव्या लेखकावर पैसे लावायला धजतो. ती सोडली की तो फक्त खपणारंच मागवेल आणि नुकसान त्याच लेखकांचं होईल.

दुसरं, तुमच्या ओकलंडमध्येच मार्कस बुक्स आहे. ज्युलियन आणि रे रिचर्डसन या कृष्णवर्णीय दांपत्याने १९६० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेलं. तिथल्या फिलमोर भागातली जागा २०१४ मध्ये सुटली, ओकलंडचं तगून आहे. ती गिऱ्हाइकं तुम्ही ओढायची आणि त्याला मदत म्हणायचं? सरळ पाटी लावा, ‘ही पुस्तकं तिकडे मिळतील’.

सीमोल्लंघन, लंडन
पाटी हवीच, पण नुसतं गिऱ्हाईक पाठवून भागत नाही. फिन्सबरी पार्कचं न्यू बीकन बुक्स पाहा. त्रिनिदादहून आलेले जॉन ला रोझ आणि त्यांच्या जोडीदार सेरा व्हाइट यांनी ते १९६६ मध्ये काढलं. दुकान आणि प्रकाशन एकाच छताखाली, कारण कॅरिबियन लेखकांचं छापायला इथे फारसं कुणी पुढे येत नव्हतं. १९८२ पासून त्यांनी बोगल-लूव्हर्चर या प्रकाशनसंस्थेसारख्या सोबत्यांना घेऊन लंडनमध्ये कृष्णवर्णीय आणि तिसऱ्या जगातल्या पुस्तकांची आंतरराष्ट्रीय जत्रा भरवली. लहान दुकानांनी एकमेकांचा भार उचलला. तुमच्या मालकिणीने मार्कस बुक्सच्या लोकांकडे जाऊन विचारलंय का, की तुम्हाला काय हवंय?

साधाप्रश्न
राग मानू नका, पण तिथल्या भांडणात मराठी माणसाने कशाला पडायचं? माझ्या तालुक्याच्या वाचनालयात पावसात छप्पर गळतं. आधी ते बघूया.

वाचनखूण
छप्पर जरूर बघूया, पण हे भांडण परकं नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव घेतलं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून. आणि ‘ती वस्ती वाचत नाही’ असं कुणी म्हणालं तर सहा डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कात या. रात्रभर रेल्वेने आलेली माणसं भाकरीच्या पैशातून पुस्तकं घेतात. तिथे कुणी त्यांच्यासाठी काच सजवलेली नसते.

ओसरी (धागाकर्ती)
रोखठोक, परतीचा मुद्दा मान्य. सगळ्या पुस्तकांना ती अट नको, वस्तीतल्या लेखकांपुरतीच ठेवू. सीमोल्लंघन, नाही विचारलं. ही आमची चूकच.

दुकान फक्त ‘तिकडे जा’ म्हणणारं नसावं असं मला का वाटतं, ते सांगते. मागच्या महिन्यात एक आई आली. मुलगी आठ-नऊ वर्षांची, वेण्यांत पिवळे मणी. आई म्हणाली, ‘हिच्यासारखी मुलगी चोर पकडते असं काहीतरी द्या, गुलामीच्या साखळदंडातली नको.’ आमच्या बालविभागात साखळदंडातली सात निघाली, चोर पकडणारं एकही नाही. पोरीने हातातली गोष्ट परत फळीवर ठेवली, पुस्तकाची पाठ बाहेर दिसेल अशी नीट.

आता मालकीण एका गोष्टीला तयार झालीय. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे मुलं दोन-दोन तास बसतात. तिथे खुर्चीच्या उंचीवर एक फळी, दर महिन्याला बारा नवी पुस्तकं, न्हावी आणि मुलं निवडतील ती, आणि ती मार्कस बुक्सकडून विकत घेऊन. खर्च आमच्या खात्यातून. रोखठोक, महिन्याला दीडशे डॉलर लहान दुकानाने कुठून काढावेत, तेवढं मांडून द्याल का? सोमवारी तिच्यासमोर कागद ठेवायचाय.