मदत हवी आहे: पावसात कापडी लंगोट वाळत नाहीत, वर उग्र वास येतो

फोंड्याहून_रश्मी
कुणीतरी लवकर सांगा. पाऊस लागल्यापासून बाळाचे कापडी लंगोट वाळायचं नाव घेत नाहीत. आज धुतलेले परवासुद्धा हाताला ओलसर लागतात. वाळले म्हणून बांधावेत, तर पहिल्याच शूला डोळ्यांना झोंबेल असा वास. पुन्हा धुतले तरी तेच.

डायपर वापरायचे नाहीत हे आम्ही दोघांनी बाळ व्हायच्या आधीच ठरवलंय. त्यात पाणी शोषणारा प्लास्टिकचाच चुरा असतो, तो मातीत कुजत नाही, आणि तो कचरा शेवटी कुणाच्या तरी हातांनी वेगळा करावा लागतो. पण आता सासूबाई रोज म्हणतात, एक पाकीट आणून ठेवा. चवथीला, म्हणजे गणपतीला, गावी जायचंय, घर माणसांनी भरलेलं असणार. ड्रायर न घेता हे जमतं का? गोव्याच्या पावसात ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा. घाटावरचे उपाय इथे चालत नाहीत.

दोन_पोरांची_आई
जमतं. पण बाळ किती महिन्यांचं? लंगोट कुठले, साधे त्रिकोणी की बटणांचे, आत पॅड घालायचे? हाताने धुता की मशीनला? घर आहे की फ्लॅट? काहीच लिहिलं नाही तुम्ही.

कुळागर_माशेल
लंगोट म्हणजे जुन्या धोतराचा, एकेरी कापडाचा. आमच्या घरी न्हाणीत भाणाखाली, म्हणजे पाणी तापवायच्या मोठ्या भांड्याखाली, सकाळ-संध्याकाळ जाळ असायचा आणि वर बांबूवर लंगोटांची रांग. रात्री टाकले की सकाळी खडखडीत. आठ-आठ पदरांचं कापड आषाढात वाळणार कसं? पडवीत, पागोळ्यांपासून हातभर आत दोरी बांधा.

फोंड्याहून_रश्मी
काकू, फ्लॅट आहे, दुसरा मजला. पडवी कुठून आणू?
बाळ सात महिन्यांचं. बटणांचे लंगोट, आत मायक्रोफायबरचे पॅड. मशीनला धुते, थंड पाण्यात. साबणाचा प्रश्नच नाही, रिठ्याचं पाणी घालते. आता सांगा.

निळं_आभाळ
वासाचं मूळ रिठ्यात आहे. शूमधल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात. कापड पूर्ण स्वच्छ निघालं नाही की ते जिवाणू आत राहतात आणि पुढची शू पडताच वास उठतो. रिठ्याचा फेस सौम्य असतो. रेशमाला ठीक, रात्रभर भिजलेल्या जाड पॅडला पुरत नाही, त्यात पाणी थंड. आधी साध्या पाण्यात एकदा खळबळून ते पाणी सोडून द्या. मग नेहमीची पावडर पूर्ण मापाने आणि पाणी साठ अंशांवर. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं.

रिठेकर_डिचोली
हा सल्ला मला मान्य नाही. आमच्या घरात वर्षानुवर्षं रिठा आणि शिकेकाई. माझ्या दोन्ही मुलींचे लंगोट रिठ्यावरच निघाले, एकीलाही पुरळ आलं नाही. पावडरचं पाणी शेवटी मांडवी नदीला मिळतं. पर्यावरणासाठी लंगोट वापरायचे आणि वर पावडर ओतायची, याला काय अर्थ? रिठे रात्री भिजवून सकाळी उकळा, बिया काढून टाका, मग बघा फेस.

निळं_आभाळ
रिठेकर, तुमचं अंगण मोकळं आहे, डिसेंबरात मुली झाल्या असतील तर ऊनही होतं. उन्हाने अर्धं काम केलं. इथे ऊनच नाही. आणि रिठ्याचा फेस पाण्यातल्या माशांनाही मारकच असतो. जुन्या काळी मासे गुंगवायला रिठा पाण्यात कालवत. झाडावरचा म्हणून तो निर्धोक ठरत नाही.

रिठेकर_डिचोली
मासे गुंगवायला किलोंनी कुटून घालावा लागतो, बादलीभर पाण्याशी त्याची तुलना नको. मुली श्रावणातल्या आहेत.

दोन_पोरांची_आई
तुम्ही दोघं वेगळा धागा काढा ना. रश्मी, बाळाचे झबले-टोपडी रिठ्यात धुवा, लंगोट बिनवासाच्या पावडरीने. मी हेच केलं.
खरी अडचण मायक्रोफायबरच्या पॅडची आणि त्याच्या जाडीची आहे. ते बाजूला ठेवून मलमलचे चौकोन घ्या, हात-सव्वा हाताचे. घडी घालून त्याच आवरणात सरकवायचे. धुताना घडी उलगडते, म्हणजे दोरीवर एकेरी कापड. काकू धोतराचं सांगतात ते हेच, फक्त पडवी नाही. नवीन विकत घ्यायचीही गरज नाही, जुनी सुती साडी घरात असेलच.

म्हापशाची_मावशी
बाय, शेगडीत निखारे घे, वर वेताची टोपली पालथी घाल आणि तिच्यावर लंगोट पसर. चिमूटभर ओवा टाक. वासही जातो, कापडही गरम होतं, बाळाला सर्दी होत नाही. आम्ही सगळ्यांना असंच वाढवलं.

निळं_आभाळ
मावशी, राग मानू नका, पण फ्लॅटच्या बंद खोलीत निखारे ठेवू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, कळायच्या आत माणूस बेशुद्ध होतो. जुन्या घरांना कौलं होती, फटी होत्या, धूर निघून जायचा. शिवाय बटणांच्या लंगोटाचं आवरण प्लास्टिकच्या थराचं असतं, ते निखाऱ्यावर वितळेल.

म्हापशाची_मावशी
खिडकी उघडी ठेवूनच म्हटलं मी. पण प्लास्टिकचं ठाऊक नव्हतं. मग मलमलच घे, बाय.

पेडण्याचा_माळी
चवथीला गावी जाताय म्हणून सांगतो. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या चौकटीला, बाजारातली प्लास्टिकची फळं बांधू नका. सुपारीचे घड, तोरिंगं, नीरफणस असं जे आपल्या भागात मिळतं तेच बांधा. मुलांना बरोबर घेऊन रानात जा, कुठलं फळ कुठल्या झाडाचं ते त्यांना कळू दे. मूर्ती चिकणमातीचीच आणा.

खडपाबांध_नवीन
रश्मीताईंच्या धाग्यात घुसते, पण माझ्या लंगोटांवर तांबूस डाग पडतात, ब्लीचमध्ये भिजवले तर आणखी गडद झाले. काय करू?

कुळागर_माशेल
विहिरीचं पाणी आहे ना? जांभ्यातल्या पाण्यात लोखंड असतं, हा त्याचा गंज. ब्लीचने तो जास्तच धरतो. लिंबाचा रस आणि मीठ चोळून ठेव, मग साध्या पाण्याने धू. बिमलांचा, त्या आंबट हिरव्या फळांचा, रसही चालतो, आमच्याकडे तांब्याची भांडी त्यानेच उजळतात. आणि रश्मी, सात महिन्यांचं बाळ बसायला लागलं असेल. सकाळी उठल्या उठल्या आणि दूध प्यायल्यावर दोन पायांवर घेऊन बसव, तोंडाने शूऽऽ कर. दिवसाचे दोन-तीन लंगोट तिथेच वाचतात.

हवामान_वास्को
एवढं कशाला? डीह्युमिडिफायर घ्या, एका रात्रीत सगळे कपडे वाळतात. मी घेतला, आता कपाटातल्या चामड्याच्या चपलांनाही बुरशी येत नाही.

दोन_पोरांची_आई
त्यांनी ड्रायर नको म्हटलंय, दुसरं यंत्र कशाला? वीजही खातं. त्याआधी बिनखर्चाच्या गोष्टी करा. मशीनमध्ये नुसतं स्पिन आणखी एकदा लावा, दुसऱ्यांदाही किती पाणी निघतं ते बघा. दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवा, एकावर एक घालू नका. दोरी छताजवळ बांधा, पंखा रात्रभर चालू ठेवा. पाऊस कोसळत असताना खिडकी उघडून उपयोग नाही, बाहेरची हवाच ओलीचिंब असते. खोलीत एसी असेल तर झोपताना ड्राय मोडवर ठेवा, त्याच खोलीत लंगोट. सकाळी थोडा दमटपणा उरला तर मलमलला गरम इस्त्री. आवरणाला मात्र इस्त्री लावायची नाही, ते झटकून टांगलं की वाळतं.

फोंड्याहून_रश्मी
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय. आईची एक साडी फाडून चौकोन केले. ते संध्याकाळी टाकले की सकाळी वाळलेले असतात, इस्त्रीही क्वचित लागते. वास गेला. पॅडचा वास मात्र गरम पाण्यात बऱ्याचदा धुतल्यावर कमी झाला, पूर्ण गेला नाही, ते पाऊस संपेपर्यंत बाजूला ठेवलेत. रिठा झबल्यांना चालू आहे, रिठेकर. पायावर बसवणं सासूबाईंनी आपणहून सुरू केलं, त्यांना ते येतंच होतं, मी विचारलं नव्हतं.
आता चवथीचं सांगा. प्रवास, देवळात जाणं, मग मुलांना घेऊन धबधब्यावर जायचं चाललंय. तेव्हा काय करायचं?

रिठेकर_डिचोली
झबल्यांना तरी चालू ठेवलात, बरं वाटलं.

दोन_पोरांची_आई
दोन कप्प्यांची चेनची पिशवी घ्या. एकात कोरडे, दुसऱ्यात ओले. शी असेल तर आधी संडासात झटकून मग पिशवीत. संध्याकाळी घरी पोचलात की पिशवी लगेच रिकामी करा, बंद पिशवीत रात्रभर राहिले की वास पुन्हा सुरू. पुसायला ओल्या वाइप्सऐवजी जुन्या बनियनचे तुकडे आणि पाण्याची बाटली. धबधब्यावर किंवा ओहोळात लंगोट खळबळायचे नाहीत, कितीही वाहतं पाणी असलं तरी. खालच्या वाडीत ते पाणी कुणीतरी वापरत असतं. गावच्या घरी विहिरीच्या कट्ट्यावरही नको, पाणी शेंदून लांब न्या आणि तिथे धुवा. पहिलं नुसतं शूचं पाणी माडाच्या आळ्यात चालेल, पावडरचं नको.

कुळागर_माशेल
आणि गावी दोरी माजघरात, चुलीच्या बाजूला. चवथीत चूल दिवसभर पेटलेली असते.