ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांवर सरकारने पैसा घालावा का? आणि घालायचा तर कशावर?

शिवारकर

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणी पट्ट्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतील. त्याआधीच्या ग्रामसभेत हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे आई-बाप तोडीला गेले तरी मुलं गावातच राहून शिकावीत या सोयीचा, विषय येणार आहे. दरवर्षी तोच आक्षेप निघतो: आई-बाप मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल घेतात, मग पोरांचं जेवणखाण सरकारने का बघायचं? काही जण म्हणतात, वसतिगृह नको, पैसे थेट पालकांच्या खात्यात टाका. काहींचं म्हणणं, शाळा कारखान्यावरच काढा. ज्यांना यातलं काम माहीत आहे त्यांनी हिशेबासकट सांगावं.

हिशेबाची वही

आधी उचलीबद्दलचा गैरसमज काढू. उचल म्हणजे वरकमाई नव्हे, ती पुढच्या हंगामाची मजुरीच आहे, आगाऊ घेतलेली. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरल्यावर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. दोघांनी मिळून दिवसाला दोन टन तोडले तर ७३२ रुपये होतात. एक लाखाची उचल फेडायला असे १३७ दिवस भरावे लागतात. हंगाम चार-पाच महिन्यांचा, त्यात पाऊस, ताप, वेळेवर गाडी न मिळणं. आणि खाडा पडला की मजुरी तर जातेच, वर खाड्याचे पैसेही कापतात.

म्हणून मोठी मुलगी बरोबर न्यावी लागते. आई पहाटे चार वाजता फडात, म्हणजे उसाच्या शेतात, गेली की कोपीवर (मुक्कामाच्या झोपडीत) तान्ह्याला सांभाळणं, पाणी भरणं, भाकरी थापणं तिच्याकडे येतं. अकरा-बारा वर्षांची झाली की ती वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करून पेंढ्या बांधते. हौस म्हणून कुणी पोरगी शाळेतून काढत नाही. त्या घरात तिच्या कामाचा हिशेब धरलेला असतो, आणि सरकारने नेमका तोच भार उचलायचा आहे.

पैसा येतो कुठून, हेही ग्रामसभेत सांगा. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याणकारी महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि शासनाकडून तेवढेच, असं ठरलेलं आहे. हंगामाचं गाळप १० कोटी टन धरलं तरी १०० अधिक १०० असे २०० कोटी होतात. ज्या टनावर साखर निघते त्याच टनावर हा पैसा बसवलेला आहे. याला खैरात म्हणता येणार नाही.

मुदपाकखाना

थेट खात्यात पैसे हा पर्याय मला साफ अमान्य आहे. पालक कारखान्यावर, आजी गावात, आणि खातं बापाच्या नावावर. सहा महिन्यांत ते पैसे आजीच्या हातात पोचवणार कोण? मुलाला रोज संध्याकाळी ताट मिळालं पाहिजे.

हंगामी वसतिगृहात मूल बहुतेक ठिकाणी रात्री आजी-आजोबांकडे झोपतं आणि सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवतं. दुपारचं शालेय पोषण आहारात होतं. उच्च प्राथमिकच्या आहाराचं प्रमाण माणशी धान्य १५० ग्रॅम, डाळ ३०, भाजी ७५, तेल ७.५ ग्रॅम, प्राथमिकला १००, २०, ५० आणि ५. संध्याकाळच्या जेवणालाही तेच धरा. दोन्ही गट निम्मे-निम्मे असतील तर ४० मुलांना एका वेळेला पाच किलो धान्य, एक किलो डाळ, अडीच किलो भाजी आणि पाव किलो तेल लागतं.

बिघडतं ते पुढच्या ठिकाणी.

अनुदान उशिरा येतं. तोवर किराणा उधारीवर चालतो, आणि उधारी वाढली की पहिली डाळ पातळ होते. वहीत रोजची डाळ वजनाने लिहा, 'वरण-भात' एवढंच लिहू नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या दोन आयांनी आठवड्यातून एकदा डबा उघडून वहीशी ताडून बघावं.

रविवार आणि सुट्ट्या. त्या दिवशी पोषण आहार नसतो, म्हणजे दुपारचं ताटच नाही. महिन्याला चार-पाच रविवार, वर दिवाळीची सुट्टी, आणि टोळ्या नेमक्या त्याच सुमाराला जातात. ठरावात सुट्टीच्या दिवसांची तीन वेळची तरतूद वेगळी लिहून घ्या.

यादी उशिरा होते. टोळी गेल्यावर सर्वेक्षण केलं तर मूल आई-बापाबरोबर गेलेलं असतं, मग परत आणायला कुणी जात नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घरोघर जा. प्रत्येक मुलासमोर दोन गोष्टी लिहा: रात्री कुणाकडे झोपणार, आणि ते माणूस धडधाकट आहे का. आजीच अंथरुणाला खिळलेली असेल तर ते मूल पंधरा दिवसांत फडावर जातं, मुलगी असेल तर आणखी लवकर.

कोपीवरची शाळा

वसतिगृहाच्या बाजूने मीही आहे, पण ते सगळ्यांना पुरत नाही. अंगावर पिणारं मूल आजीपाशी राहू शकत नाही. त्यामुळे सहा वर्षांखालच्यांसाठी पैसा कारखान्याच्या बाजूलाच लागतो: अंगणवाडी आणि पाळणाघर, तेही पहाटे उघडणारं. दहाला उघडलं तर आई सहा तास आधीच फडात गेलेली असते.

मोठ्या मुलांची शाळा मात्र तिकडे टिकणं कठीण. टोळी एका फडावरून दुसऱ्यावर हलते, कोप्या विखुरलेल्या असतात. टोळी बेळगाव-बागलकोटकडे गेली तर जवळची शाळा बहुधा कानडी. तरी जे मूल जाणारच आहे त्याच्यासोबत तिकडच्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड द्या आणि पालकांना नीट समजावा: शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. कार्ड पत्र्याच्या पेटीत गावीच राहतं, ही नेहमीची चूक. मुकादमाकडे टोळीची यादी असते, तिच्यासोबत कार्डं बांधून द्या.

शिवारकर

मनापासून आभार. दोन शंका. आठवीनंतरच्या मुलींचं काय? आणि आजीकडे मूल ठेवलं तर रेशन कुणी उचलायचं?

हिशेबाची वही

मुलींचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी १८ च्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के, बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के. मुलगी एकटी गावात ठेवायची भीती वाटते, आणि लग्न लावलं की नवा कोयता तयार होऊन त्यालाही उचल मिळते. इथे रात्रीच्या मुक्कामाचं, कुलपाचं आणि महिला अधीक्षक असलेलंच वसतिगृह हवं. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत मिळून ८२ वसतिगृहं ठरली, प्रत्येक तालुक्यात मुलींचं एक आणि मुलांचं एक, प्रत्येकी १०० जागा. सगळ्या जागा भरल्या तरी ८,२००. म्हणजे तालुक्याला मुलींच्या १०० जागा, मोठ्या दोन-तीन गावांतच संपतील एवढ्या. ठरावात जागा वाढवून मागा आणि सोबत तुमच्या गावातल्या आठवी ते बारावीच्या मुलींचा आकडा द्या. आकड्याशिवायचा ठराव फायलीत पडून राहतो.

मुदपाकखाना

रेशनचं सोपं आहे, फक्त आधी ठरवावं लागतं. प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला पाच किलो. समजा कार्डावर पाच जण आहेत. आजी आणि दोन मुलं गावात, नवरा-बायको कारखान्यावर. गावात १५ किलो उचला, उरलेलं १० किलो तिकडच्या कोणत्याही दुकानात अंगठा लावून मिळतं, कर्नाटकातसुद्धा. गावच्या दुकानदाराने सवयीने पहिल्याच वेळी पूर्ण २५ किलो मशीनवर चढवलं तर त्या महिन्याचं तिकडे काही उरत नाही. म्हणून निघायच्या आधी दुकानदाराला सांगून ठेवा, आणि गावात राहणाऱ्यांपैकी आजीचा अंगठा मशीनवर उमटतो का ते आजच बघून घ्या. कामाने झिजलेल्या बोटांचे ठसे पुष्कळदा लागत नाहीत, आणि हे कळतं तेव्हा मुलगा-सून दोनशे किलोमीटरवर असतात.