ज्याचं मशीन त्याचाच गेम, मंग बाहेरच्यानं तिथं जावं काय?

पोट्टा_दारव्ह्याचा
राजेहो, एक सल्ला पाह्यजे. मी अन् माहा एक दोस्त दीड वर्षापासून एक गेम बनवून रायलो, गोडो नावाच्या गेम बनवाच्या सॉफ्टवेअरमधी, टूडी, शंकरपटाचा. बैलजोडी पळवाची, धुरकऱ्यानं कासरा ढिला सोडला का जोडी वाकडी जाते, लय ताणला का सेकंद वाया जाते, असं हाय. रात्री लाईन गेली का लॅपटॉप बंद, बॅटरी केवाचीच मेली, म्हनून काम हळू हाय. आता दोस्त म्हनते मोबाइलवर टाकून काई भेटत नाई, आपन निन्टेन्डोच्या स्विच मशीनवर जाऊ. मले पटते बी अन् नाई बी. निन्टेन्डोचा मारिओ कार्ट 8 डिलक्स एकटाच 6 कोटीच्या वर खपला, अन् तो बी रेसचाच गेम. मशीन त्यायचं, दुकान त्यायचं, अन् वरून गेम बी त्यायचाच. पट ज्यानं भरवला त्याचीच जोडी पळत असन अन् घड्याळ बी त्याच्याच हातात असन, तं आपन आपली जोडी न्याची कायले?

जुनी_कॅसेट
भाऊ तू पट चांगला काढला पन एक सांगतो. आमच्या लहानपनी गावच्या यात्रेतून टीव्ही गेम आणला होता बाबानं, निन्टेन्डोच्या मशीनची नक्कल होती ते. पिवळी कॅसेट, वर 9999 इन 1 लिवलेलं, आत गेम मोजून पंधरा. त्यात मारिओ होता, तो निन्टेन्डोचा सोताचा. कॉन्ट्रा होता तो कोनामीचा, टँकचा गेम मूळचा नामकोचा, बॉम्बरमॅन हडसनचा. आमाले तवा काय माईत कोन कोनाचा, आमी तं समजत होतो का सगळे गेम त्या डब्यातच पिकते. पन गम्मत अशी का घरात पोट्टे जमले का मारिओ कोनी लावत नव्हतं. मारिओत दोन खेळाडू असले तं एक मरेपर्यंत दुसऱ्यानं नुसतं पाहात बसाचं. कॉन्ट्रात दोघं सोबत. वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा मारून 30 लाइफ घ्याचे अन् मंग एकमेकायचे लाइफ उसने घेऊन भांडाचं. मारिओ एकटं असलं तवा दुपारी. म्हंजे मालकाचा गेम जेथी कमी पडते ते जागा बाहेरच्याची असते, एवढंच मले समजलं. तुहा गेम दोघायनं सोबत खेळता येते काय ते आधी सांग.

आर्णीकर_पुण्यात
मी एका छोट्या स्टुडिओत काम करतो, गेम एका मशीनवरून दुसऱ्यावर न्यायचं काम. थोडं लांब लिहितो.

तुझी भीती जुनी आहे रे. 1979 मध्ये अटारीचेच चार प्रोग्रॅमर बाहेर पडले आणि त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली, अटारीच्याच मशीनसाठी गेम विकायला. अटारीनं कोर्टात खेचलं, शेवटी तडजोड झाली. बाहेरच्यानं गेम करायचा हा धंदाच तिथून सुरू झाला. मग कोणीही उठून काहीही विकायला लागला आणि 1983 ला अमेरिकेत बाजारच बसला. निन्टेन्डोनं ते पाहून गेट बांधलं. मशीनमध्ये कुलपाची चिप, कॅसेट निन्टेन्डोच बनवणार, पैसे आधी भरायचे, आणि अमेरिकेत एका कंपनीला वर्षाला 5 गेमची मर्यादा. कोनामीनं काय केलं, अल्ट्रा गेम्स नावाची दुसरी कंपनी उभी केली, म्हणजे अजून 5. एका सातबाऱ्यावर कर्ज मिळत नसलं की भावाच्या नावानं काढतात तसं.

पण मालकाचंही बाहेरच्यांशिवाय भागत नाही. निन्टेन्डो 64 वर कॅसेटच ठेवली, सीडी घेतली नाही, तर स्क्वेअर ही गेम कंपनी उठून सोनीकडे गेली आणि 1997 ला फायनल फॅन्टसी 7 प्लेस्टेशनवर आला, 3 सीड्यांचा. तेवढा माल कॅसेटमध्ये बसलाच नसता. पुढे निन्टेन्डोचंच वी यू मशीन आलं, त्यात मारिओ कार्ट 8 होता, स्मॅश हा मारामारीचा गेम होता, घरचे गेम सगळे चांगले, आणि तरी मशीन दीड कोटीसुद्धा विकलं गेलं नाही. बाहेरचे बहुतेक लवकरच सोडून गेले होते. गंमत म्हणजे तू ज्याला घाबरतोस तो डिलक्स म्हणजे तोच मारिओ कार्ट 8, स्विचवर पुन्हा काढलेला.

आता तुझ्या कामाचं. गोडो ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, आणि कन्सोलचं एसडीके, म्हणजे त्या मशीनसाठी गेम बनवायची साधनं, गुप्ततेच्या करारात असतं, म्हणून गोडोतून थेट स्विचवर एक्स्पोर्ट होत नाही. आधी डेव्हलपर म्हणून मंजुरी, मग पोर्ट करून, म्हणजे गेम त्या मशीनवर नेऊन, देणाऱ्याला पैसे. मारिओ कार्ट नंतर आडवा येईल, हा खर्च आधी येईल. आधी पीसीवर काढ. स्टारड्यू व्हॅली एकट्या माणसानं केला, तोही 2016 ला आधी पीसीवर आणि पुढच्या वर्षी स्विचवर. सगळ्या मशीनवर मिळून 4 कोटींच्या वर गेला. तू तेवढा जाशील असं म्हणत नाही, क्रम सांगतोय.

कृषीकेंद्रवाला
मले गेममधलं काई समजत नाई, पोरगा खेळते म्हनून इथं येतो. पन दुकानदार म्हनून सांगतो. ज्या मालात मले जास्त सुटते तो मी गल्ल्यासमोर ठेवतो, यात लाजाचं काय हाय. पन मिरगाच्या तोंडावर गिऱ्हाईक चिठ्ठीवर एका वाणाचं नाव लिवून आणते अन् म्हनते हेच पाह्यजे, नसन तं समोरच्या दुकानात जातो. तवा मले ते पाकीट ठेवाच लागते, मार्जिन कमी असलं तरी. तुह्या गेमचं नाव चिठ्ठीवर आलं पाह्यजे, बाकी दुकानदार काई तुहा दुश्मन नाई.

बाभूळकाटा
सगळं खरं हाय पन शंकरपट जपानात कोन खेळन बे. मोबाइलवर फुकट टाक, आपले लोकं तरी खेळतीन. पूर्ण तालुक्यात स्विच कोनाकडं हाय ते सांग, मले तं एक बी माईत नाई.

पोट्टा_दारव्ह्याचा
बाभूळकाटा भाऊ, तालुक्यात एक हाय, आमच्या सरायच्या भाच्याकडं, तेच पाहून दोस्ताच्या डोक्यात हे भरलं. अन् ज्यायनं बैल कधी पाह्यला नाई त्यायले कासऱ्याचं समजते का नाई हा प्रश्न मले बी हाय, म्हनून पीसीवर डेमो काढून पाहतो आधी.

जुनी कॅसेट भाऊ, तुमचं डोक्यात बसलं. काल रात्री दोघायचं करून पाह्यलं, एक जन डावा बैल अन् एक जन उजवा. एकाच कीबोर्डवर दोघायचे चार हात, त्याचा अंगठा माह्या बटनावर, जोडी दानीतून निघून सरळ पब्लिकमधी. तीनदा तसंच झालं अन् हसून हसून पोट दुखलं, एकट्यानं खेळताना असं कधी हसलो नव्हतो. पन दोन जॉयस्टिक पाह्यजे आता. यूएसबीवाल्या जुन्या कोनाकडं पडून असतीन तं सांगा, दारव्हा नाई तं दिग्रसपर्यंत येऊन घेऊन जाईन.