मदत हवी आहे: जुना टाटा-मर्सिडीज ट्रक चालू होतो, दोन-तीन मिनिटांत बंद पडतो

जुनाट_चाक:
नमस्कार मंडळी. जुना टाटा-मर्सिडीज ट्रक, पुढं मर्सिडीजचा तारा असलेला, बरीच वर्षं उभा होता. इंजिन फिरतंय, सेल्फ मारला की चालूही होतं. दोन-तीन मिनिटं बरं चालतं, मग रेस घेत नाही, घुटमळतं आणि बंद. हँडपंप मारला की परत चालू, परत तेच. फिल्टर नवीन टाकलाय. मेस्त्री म्हणतो इंजेक्शन पंप (नॉझलना दाबानं डिझेल देणारा) काढून बेळगावला कॅलिब्रेशनला द्या, नॉझल (सिलिंडरात डिझेल फवारणारे) सहाच्या सहा बदला. एवढं बजेट नाही, पंचवीस हजारांत गाडी रस्त्यावर यायला पाहिजे. पंप काढू की नको तेवढं सांगा, उद्या मेस्त्री येणार आहे.

पंपनॉझल:
थांबा वो, पंपाला हात लावू नका. आधी हे सांगा:
इंजिन कुठलं? ३१२ का ६९२, का मधे कुणी ६९७ बसवलंय?
गाडी किती वर्षं उभी होती, आणि टाकीत डिझेल ठेवून का रिकामी?
बंद पडताना काळा धूर येतो, पांढरा येतो, का काहीच नाही?
हँडपंप मारताना हाताला कडक लागतो का पोकळ?

मेस्त्री_निपाणी:
नॉझलच. लिहून घ्या. इतकी वर्षं उभ्या गाडीचे नॉझल चिकटलेलेच असतात. सहाच्या सहा काढा, टेस्टरवर लावा.

पंपनॉझल:
नॉझल चिकटले असतील तर पहिल्या मिनिटापासून मिसिंग दिसेल, धूर दिसेल. ही गाडी आधी बरी चालते, मग उपाशी मरते आणि हँडपंपावर उठते. म्हणजे पंपापुढचं सगळं ठीक आहे, पंपापर्यंत डिझेल पोचत नाही. नॉझल टेस्टरवर लावायला हरकत नाही, पण तो या दुखण्याचा इलाज नव्हे.

जुनाट_चाक:
ब्लॉकवर ओएम ३१२ आहे. शेडात उभी होती, बरीच वर्षं. धूर विशेष नाही. हँडपंप आधी पोकळ लागतो, पंधरा-वीस वेळा मारला की कडक होतो. पंप काढायचा की नाही ते सांगा की.

पंपनॉझल:
काढायचा नाही. पोकळ लागतो म्हणजे लाइनमध्ये हवा आहे, नाहीतर डिझेल वर ओढलंच जात नाही. दोन्हींची परीक्षा एकच आणि जवळजवळ फुकट.

पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात ताजं डिझेल. बॉनेटच्या वर, फीड पंपापेक्षा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) उंच टांगा. टाकीकडून येणारा पाइप फीड पंपावरून काढा आणि तिथं कॅनचा पारदर्शक पाइप जोडा, क्लिपा घट्ट. पंपाकडून टाकीला जाणारी रिटर्नची नळीही कॅनमध्येच सोडा. फीड पंपापासून फिल्टरपर्यंतचा तुकडाही पारदर्शक लावलात तर बुडबुडे डोळ्यानं दिसतात.

मग हवा काढा. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल, बुडबुडे संपेपर्यंत हँडपंप, स्क्रू बंद. नंतर इंजेक्शन पंपावरचा स्क्रू, तसंच. शेवटी नॉझलकडचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा, डिझेल उडायला लागलं की एकेक घट्ट. हात जवळ नेऊ नका, त्या दाबाचं डिझेल कातडीत शिरतं.

अर्धा तास चालवा. कॅनवर बंद पडली नाही तर दोष टाकी, टाकीतली जाळी किंवा मधल्या पाइपात. कॅनवरही बंद पडली तर फीड पंप बघू.

उद्यमबाग_लेथ:
यात एक भर. ओढणाऱ्या बाजूची गळती बाहेर दिसत नाही. तिथं डिझेल ठिबकत नाही, हवा आत जाते. त्यामुळं 'कुठं गळत नाही' म्हणून निर्धास्त राहू नका. बँजो बोल्टचे (पाइप जोडायचा पोकळ बोल्ट) कॉपर वायसर प्रत्येक वेळी नवे. नवे नाहीत तर जुने लालबुंद तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं, मग सँडपेपरवर दोन्ही बाजू सपाट करा. हँडपंपाची घुंडी काम झालं की दाबून, फिरवून घट्ट बसवायची. ती सैल राहिली तर तिथूनच हवा शिरते.

घाटमाथा:
ई-२० चं कुणी बोललंच नाही? आजकालच्या इंधनानं जुने रबर पाइप विरघळतात. तेच झालं असणार.

उद्यमबाग_लेथ:
ई-२० म्हणजे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, अण्णा. ही डिझेलची गाडी आहे.

घाटमाथा:
बरं. पण डिझेलही बदललंच आहे की. २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमवर आणलंय. जुन्या पंपाच्या प्लंजरला (डिझेल दाबणारा दट्ट्या) वंगण त्या गंधकाच्या डिझेलातून मिळायचं. लिटरमागं थोडं टू-स्ट्रोक ऑइल टाका, पंप वाचेल.

पंपनॉझल:
गंधक काढताना वंगणपणा जातो हे खरं. पण रिफायनरीत त्याची भरपाई करणारा मसाला घालतात, डिझेलच्या भारतीय मानकात, आयएस १४६० मध्ये, झिजेच्या चाचणीला ४६० मायक्रॉनची मर्यादाच घातली आहे. ऑइल टाकलं तर बिघडत नाही, पण या धाग्यातल्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. त्यापेक्षा पंपाच्या कॅमबॉक्समधलं (पंपाचा खालचा डबा) तेल बघा. या पंपाचं तेल इंजिनच्या तेलापासून अलग राहतं. प्लंजरमधून डिझेल खाली झिरपतं, तेल पातळ होतं, पातळी वाढते. जुनं सगळं काढा, साधं इंजिन ऑइल भरा, खुणेपर्यंतच.

कागदपत्र_काका:
एक महत्त्वाचं. २०२१ च्या केंद्रीय नियमात ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' येतं, फी २० हजार, मुदत १० वर्षं. पण तो नियम दुचाकी आणि प्रवासी चारचाकींचा आहे. मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. तेव्हा आधी कागदाचं बघा.

जुनाट_चाक:
काका, नोंदणीचं विचारलेलंच नाही. कागद आहेत.

कॅन लावला. पाऊण तास चालली, बंद पडली नाही, बुडबुडे नाहीत. म्हणजे फीड पंप बरा. आता टाकी. टाकी मूळची नाही, दुसऱ्या ट्रकची बसवलीय, टोपण बाजारातलं. जाळी काढून बघितली, गंज आणि काळा चिखल. पण जाळी धुऊन बसवली तरी तसंच, फक्त दोनाच्या ऐवजी पाच मिनिटं चालली.

पंपनॉझल:
टाकी बदललीय हे पहिल्या पोस्टमध्ये पाहिजे होतं. टोपणाला श्वासाचं भोक आहे का?

मेस्त्री_निपाणी:
टाकी साफ करायला साखर कारखान्यातली मळी (मोलॅसिस) वापरा. आपल्याकडं ऊसपट्ट्यात मळीला काय तोटा? एक भाग मळी, नऊ भाग पाणी, टाकी काठोकाठ भरून दहा-पंधरा दिवस. गंज खाते, पत्रा खात नाही.

उद्यमबाग_लेथ:
मळी चालते, पण उघड्यावर ठेवलीत तर माशा आणि वासानं गल्ली उठेल, आणि ॲल्युमिनियमचा किंवा झिंकचा एकही तुकडा आत राहता कामा नये, तो खाल्ला जातो. फ्लोटचं युनिट (डिझेलची पातळी दाखवणारं) आधी काढा. घाई असेल तर पत्र्याच्या टाकीला फॉस्फोरिक ॲसिड बरं. आधी गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून तेलकट चिखल सोडवा, मूठभर नट-बोल्ट आत टाकून टाकी हलवा, मग ॲसिड, मग भरपूर पाणी, लगेच गरम हवेनं वाळवा आणि आत डिझेल फिरवून ठेवा. मिठाचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, घालू नका. ते शिवणीत राहतं आणि महिन्याभरात परत गंज आणतं.

वेल्डिंग करायचं असेल तर टाकी नुसती धुऊन चालत नाही. डिझेलची वाफ राहते, टाकी फुटते. पाण्यानं भरून, फक्त वेल्डची जागा रिकामी ठेवून करायचं. अशा कामाला 'जरा एक टाका मारून द्या' म्हणत कुणाच्याही दारात जाऊ नका.

मेस्त्री_निपाणी:
फॉस्फोरिकला पैसे जातात, मळीला नाही.

उद्यमबाग_लेथ:
पंधरा दिवस गाडी उभी राहते, त्याचं काय? आणि मळी पशुखाद्याच्या दुकानात किंवा ओळखीनंच मिळते, कारखान्यात बादली घेऊन गेलं म्हणून कुणी देत नाही.

जुनाट_चाक:
टोपणाला भोक नाही. रबराचा वायसर घट्ट बसतो. आत्ता टोपण सैल करून चालवली. आधी सूंऽऽ करून हवा आत गेली आणि अर्धा तास न थांबता चालली. हे असं असतं का?

पंपनॉझल:
असंच असतं. डिझेल जेवढं बाहेर जातं तेवढी हवा आत यायला पाहिजे. नाही आली की टाकीत पोकळी होते, फीड पंप त्या पोकळीशी भांडतो आणि हरतो. हँडपंप मारला की थोडं येतं, परत तेच. जाळी धुतल्यावर वेळ वाढला कारण अडथळे दोन होते, त्यातला एक गेला.

टोपणाला सरळ भोक पाडू नका, पावसात पाणी आत जाईल. बारीक नळी टाकीच्या वरच्या भागात बसवा, वर एक वळसा द्या आणि तोंड खाली सोडा, तोंडाला जाळी लावा.

जुनाट_चाक:
पंप काढायचा नाही म्हणजे पैसे वाचले. आता एकच राहिलं. आयडल (रेस न देता इंजिनाचा वेग) स्थिर नाही. आपोआप वर जाते, खाली येते, परत वर. गरम झाली की जास्त.

पंपनॉझल:
हे वेगळं प्रकरण, आणि इथं जपून. ३१२ च्या बऱ्याच पंपांवर हवेच्या पोकळीवर चालणारा गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा) असतो. तुमच्या पायाचा लिव्हर पंपाला जातो का, का इनटेकमधल्या फुलपाखरी झडपेला? झडपेला जात असेल तर तोच.

त्यात चामड्याचा पडदा असतो. व्हेंचुरीतली (झडपेजवळचा इनटेकचा अरुंद गळा) पोकळी बारीक नळीनं पडद्यापर्यंत येते आणि रॅक (पंपातली डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) कमी डिझेलकडं ओढते. स्प्रिंग उलट, जास्त डिझेलकडं ढकलते. गाडी उभी राहिली की चामडं वाळतं, चिरतं, पोकळी टिकत नाही, आणि स्प्रिंग जिंकते. आज आयडल हलतेय. उद्या पडदा पूर्ण फाटला तर इंजिन सुसाट सुटेल, चावी काढून काही होत नाही. म्हणून हे होईपर्यंत एअर क्लीनर उतरवून ठेवा आणि इनटेकच्या तोंडावर बसेल अशी लाकडी फळी हाताशी ठेवा. फळीच, तळहात नव्हे.

परीक्षा: इंजिन बंद. गव्हर्नरवरून नळी काढा. स्टॉप लिव्हर बंदच्या बाजूला दाबून धरा, नळीच्या जागेवर बोट घट्ट दाबा, लिव्हर सोडा. पडदा चांगला असेल तर लिव्हर तिथंच थांबेल किंवा अगदी हळू परत येईल. पटकन आला तर पडदा गेला. त्याआधी नळीच बघा, रबराचा तुकडा चिरलेला असेल तर दहा-वीस रुपयांत काम होतं. इनटेक मॅनिफोल्डची गॅस्केट गळत असेल तरी हीच लक्षणं दिसतात.

मेस्त्री_निपाणी:
सोपं आहे. अथणीच्या चपलेवाल्याकडून चामडं घ्या, कापून बसवा.

उद्यमबाग_लेथ:
मामा, चपलेचं चामडं जाड आणि ताठ असतं. पडद्याला पातळ, सगळीकडं एकसारख्या जाडीचं, दुमडलं तरी न चिरणारं चामडं लागतं. कडेला जास्त झालं की रॅक अडखळणार, आयडल आणखी हलणार.

मेस्त्री_निपाणी:
कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय २०१९ ला, त्यात आपला बेळगाव जिल्हाही आहे. चामडं कमावणारे इथं आहेत म्हणून सांगितलं. पातळ मागा.

घाटमाथा:
चपलेवर वेगळा धागा काढा बघू. आणि स्टार्टिंग स्प्रेचं कुणी बोललं नाही. सकाळी थंडीत एक फवारा इनटेकमध्ये मारला की ही इंजिनं लगेच उठतात.

पंपनॉझल:
या इंजिनात नाही! प्रीचेंबर (डिझेल आधी पेटतं ती छोटी खोली) आणि ती तापवणारे हीटर प्लग आहेत. प्लग तापलेले असताना स्प्रेतलं ईथर आत गेलं तर वेळेआधी पेटतं, रिंगा आणि पिस्टन तुटतात. थंडीत सुरू होत नसेल तर प्लग बघा. या गाडीत ते एकापाठोपाठ एका रांगेत असतात, डॅशवरची तार त्याच रांगेत. एक जळाला की सगळे बंद आणि डॅशची तार लाल होत नाही. एकेक प्लग जाड वायरनं क्षणभर जोडून बघा, ज्यावर जोडल्यावर तार लाल होते तो मेलेला. १२ व्होल्टचा प्लग त्या रांगेत बसवू नका, सगळा व्होल्टेज तोच खातो, बाकीचे थंड राहतात.

जुनाट_चाक:
परीक्षा केली. लिव्हर पटकन परत आला. नळी चांगली आहे, म्हणजे पडदाच. कुठला मागवू? पंपावर प्लेट आहे, पण आकडे पुसलेत.

उद्यमबाग_लेथ:
प्लेटवर डिझेलचं कापड फिरवा, वाळू द्या. मग पांढरा खडू आडवा घासा आणि हलक्या हातानं वरचा पुसा, खोल अक्षरात खडू राहतो. अंधारात बॅटरी अगदी तिरकी धरून फोटो काढा. गव्हर्नरच्या डब्यावरही वेगळी प्लेट असते, तिचाही. पडदा गव्हर्नरच्या नंबरावर मिळतो, पंपाच्या नाही.